तवसं पिकेपर्यंत

९ जून

मृग लागला. अण्णांनी सकाळी सदऱ्याच्या खिशातून भिंतीचा एक तुकडा काढून चहाच्या टेबलावर ठेवला. सासऱ्यानं जावयाच्या घरी राहायला येताना काय काय आणावं याला शास्त्रात मर्यादा नाही, पण भिंत आणलेली पहिल्यांदाच पाहिली. वाळक्या शेणाचा पोपडा, त्यात तवशाच्या बिया. त्यांच्याकडे बी असंच ठेवतात. राखेत घोळवायचं, शेणात कालवायचं, चुलीमागच्या भिंतीला थापायचं. खुब्याचं हाड मोडून त्यांना गुहागरकडून इकडे आणलं तेव्हा अँब्युलन्समध्ये चढवताना शेजारच्या बाळूला म्हणाले होते म्हणे, 'चष्मा राहू दे रे, आधी ती भिंत खरवड.'

तवसं म्हणजे त्यांच्याकडची मोठी काकडी. पण काकडी म्हणायचं नाही. अपमान होतो.

मागच्या दारी वॉशिंग मशीनचं पाणी जातं त्या कोपऱ्यात आळं केलं. केलं मी. वॉकरला टेकून सूचना त्यांनी दिल्या.

संध्याकाळी चहाला जाहीर केलं: 'हे पिकलं की मी जाणार.'

वृंदा म्हणाली, 'कुठे?'

'कुठे म्हणजे? घरी.'

तिनं कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. 'बरं. पिकू दे. मग जा खुशाल.'

मी दोघांकडे पाहिलं. एवढ्या सहज दिलेला शब्द मी या घरात ऐकलेला नाही. भांडी आवरताना तिनंच खुलासा केला. 'अहो, घाटावर तवसं होत नाही. अण्णाच सांगायचे. मला नाशकात दिली तेव्हा आईला म्हणाले होते, आपलं काही तिकडे रुजत नाही.'

मी शेती-वार्ताहर. अर्धं आयुष्य या जिल्ह्यातल्या पिकांवर लिहीत आलो. पावसाळ्यात नाशकात काकडी उत्तम येते.

म्हणालो, 'असं का.'

१२ जून

वृं.ची बाजू लिहून ठेवतो, नाहीतर पक्षपाती ठरेन. अण्णा पडले ते पोफळीच्या बागेत, पाटाशी. सकाळी एकटेच शिंपायला गेले होते. बाळू दुपारी नारळ पाडायला आला म्हणून सापडले. मधला सगळा वेळ पोफळीच्या गळलेल्या झापाखाली, ओल्यात. इथे आल्यावर वृं.नं विचारलं, 'अण्णा, हाक नाही मारलीत?'

'कोणाला?'

हा शब्द तिच्या घशात अडकला आहे. त्यावर कोणाचाही युक्तिवाद चालत नाही. डॉक्टरांनीही सांगितलं आहे, पुन्हा पडले तर पुन्हा उभे करू असं नाही.

अण्णांची बाजू: त्यांना इथे काही कमी नाही. तीच तक्रार.

१८ जून

संपादकांचा फोन. हवा बदलली, मे महिन्यातच पाऊस, द्राक्षवाले हवालदिल. तेव्हा 'उष्ण-दमट हवामानातील फळं आणि भाजीपाला' अशी मालिका लिहा. शीर्षक त्यांनीच दिलं, 'नाशकात कोकण'. म्हटलं, आमच्या घरी ते माघातच येऊन राहिलंय. हसले नाहीत.

घरातच अधिकारी पुरुष असताना विद्यापीठात कशाला जा. वही घेऊन अण्णांसमोर बसलो.

सुरण: 'लावायचा आणि विसरायचा. आठवण झाली की खणायचा.'

अळू: 'मोरीच्या पाण्यावर. माणसानं तोंड धुतलं की अळू जेवलं.'

पडवळ: 'शेंड्याला दगड बांधा. नाहीतर शाळामास्तराच्या मुलासारखं वाकडं जातं.' (मी शाळामास्तराचा मुलगा. त्यांना ठाऊक आहे.)

पपई: 'मुळाशी पाणी थांबलं की संपली. बाईमाणसासारखं नखरेल झाड.' आतून वृं.: 'ऐकू येतंय हं अण्णा.'

फणस: चष्मा काढून पुसला. मग, 'त्याचं नका लिहू. लावणाऱ्याला मिळत नाही.'

शेवटी विचारलं, दमट हवा म्हणजे नेमकं काय? म्हणाले, 'हवेला घाम आला पाहिजे. तुमच्या हवेला घामच येत नाही. सगळं कसं इस्त्रीचं.' ओठ फुटलेत त्यांचे. वृं. खोबरेल लावते. ते पुसतात.

२५ जून

रुजलं. दोन पानं, शेणाचा कण डोक्यावर घेऊन. अण्णांनी मला हाक मारली, वृं.ला नाही. तिला मी सांगितलं. ती म्हणाली, 'रुजतं हो. रुजायला काय लागतं.' गवारी निवडत होती, जरा जोरात.

५ जुलै

मालिकेसाठी वणीकडे. पोपटराव, जुने ओळखीचे. द्राक्षाची बाग उपटून त्याच मांडवावर कारली सोडलीत. खाली उभं राहिलं की डोक्यावर हिरवा पाऊस थांबल्यासारखा.

'या पत्रकार. फोटो काढा, पर हसरा नका काढू. लोकान्ला वाटंल परवडलं.'

द्राक्षं का काढली विचारलं. 'हवा इचारा ना. ऐन फुलोऱ्यात पाणी, ऐन मण्यात धुकं. आता तुमच्या सासुरवाडीवानी हवा झाली इथं. पर नारळ काय लागंना.'

बोलता बोलता घरच्या तवशाचा करार सांगितला. त्यांनी कारल्याचं पान तोडलं, चुरगाळलं, हुंगलं. 'म्हंजी पिकलं तर म्हातारा जातो. नाय पिकलं तर म्हाताऱ्याचं मन जातं. लय भारी पीक निवडलंय तुमी.'

निघताना फळमाशीचा सापळा हातात दिला, पिवळा डबा. 'एका वेलाला एकच बास. आन् बाईसायबांनी इचारलं तर म्हना, पोपटरावानं जबरदस्ती दिला.'

परत येताना दिंडोरीपर्यंत विचार करत होतो, डबा गाडीतच विसरावा का. विसरलो नाही.

१५ जुलै

वेल कपड्यांच्या दांडीवरून स्कूटरच्या शेडच्या पत्र्यावर गेला. वृं.नं दांडी सोडून दिली, आता कपडे पुढच्या गॅलरीत. करार पाळण्यात बाई चोख.

पिवळी फुलं खूप. अण्णा म्हणतात, सगळे नर. 'लग्नाला आधी वऱ्हाडीच येतात. नवरी मागनं.'

वृं.नं हे ऐकलं. तिचा चेहरा जरा सैल झाला. नवरी येईलच असं नाही.

२२ जुलै

आली. एकच. फुलाखाली करंगळीच्या पेराएवढं तवसं, लव असलेलं. मी उत्साहात 'अण्णा, ते बघा' म्हणून बोट दाखवलं तर वॉकरवरचा हात सोडून त्यांनी माझ्या हातावर फटका मारला. पडता पडता राहिले.

'सरळ बोट दाखवायचं नाही कोवळ्या फळाला. कुजतं. दाखवायचंच तर वाकवून.'

म्हटलं, याला प्रमाण काय? म्हणाले, 'तुमच्या पोथीत नसेल. आमच्या परड्यात आहे.'

कॉलनीत डासांसाठी धूर मारतात, त्यात मधमाश्या गेल्या. तेव्हा उद्या सकाळी मी नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला लावायचं ठरलं. त्यांचा हात थरथरतो. मी वृं.कडे पाहिलं. ती म्हणाली, 'माझ्याकडे काय बघता? तुमचा आणि त्यांचा विषय आहे.'

२३ जुलै

लावलं. एम. ए.ला न्यायशास्त्र घेतलं होतं. सकाळी सात वाजता नळाशी उभा राहून काकडीचं लग्न लावताना ते अजिबात उपयोगी पडत नाही. अण्णा स्टुलावर बसून 'हळू, हळू, परागकण आहेत ते, गुलाल नाही' म्हणत होते. सासऱ्याकडून इतकी बोलणी मी लग्नातही खाल्ली नव्हती.

खिडकीत वृंदा. पडदा हलला.

हे लावलं नसतं तर? अण्णांना फूल गळताना दिसलं असतं. लावलं म्हणून? ती माझ्याशी दिवसभर 'जेवायला वाढलंय' याच्यापलीकडे बोलली नाही. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. काठावरचा भिजत नाही असं मात्र कुठे लिहिलेलं नाही.

२६ जुलै

धरलं. बोटाएवढं झालं आहे, देठाशी गडद हिरवं.

आज दुपारी लेख टाइप करत होतो. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. खिडकीतून मागचं दार दिसतं. अण्णा झोपले होते. वृं. वेलाजवळ एकटी उभी. हात पूर्ण लांब केलेला. तर्जनी सरळ, तवशावर रोखलेली. वर्गात मुलाला उभं करतात तशी. किती वेळ होती सांगता येत नाही, मी पाणी न पिताच परत आलो.

तिचा यावर विश्वास आहे का? बी. एस्सी. आहे ती. केमिस्ट्री.

२९ जुलै

टोकाकडून पिवळं पडलं.

३० जुलै

गळलं. अण्णांनी हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, नखानं दाबलं. जेवताना म्हणाले, 'कुणीतरी बोट दाखवलं.'

वृं. म्हणाली, 'माशी लागली असेल.'

'असेल.'

'किंवा पराग नीट बसला नसेल. यांना कुठे जमतंय ते.'

'असेल.'

दर्शनशास्त्रात प्रत्यक्ष हे सर्वांत बलवान प्रमाण. माझ्याकडे प्रत्यक्ष आहे. काय करू त्याचं? आमटी वाढून घेतली.

नंतर तिनं ओटा पुसताना पाठमोरं विचारलं, 'सापळा लावला होतात ना तुम्ही? मग माशी कशी लागेल?' उत्तर तिला नको होतं.

३१ जुलै

अण्णांना फिरवत कोपऱ्यापर्यंत नेलं. मध्येच थांबले. 'वृंदा लहान होती तेव्हा तिला बोट वाकवायला मीच शिकवलं. तिचं वाकायचंच नाही. मग मी माझ्या मुठीत तिचं बोट धरून दाखवायचो, बघ, ते तवसं, ते पडवळ.'

मी वॉकरसमोरचा दगड पायानं बाजूला सारला.

'चला. ऊन लागतंय.' ऊन नव्हतं.

म्हणजे कळलं आहे. आता तिघांनाही ठाऊक आहे आणि घरात पूर्ण शांतता आहे.

६ ऑगस्ट

आज काय झालं ते जसंच्या तसं. गॅलरीत जागा पुरेना म्हणून वृं. चादर घेऊन मागच्या दारी पत्र्यावर वाळत घालायला गेली. रिकाम्या हातानं आत आली. अण्णा पेपर वाचत होते. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

'अण्णा. पत्र्याच्या कडेला आणखी एक आहे. पानाखाली. चांगलं वितीएवढं झालंय. कोणाला दिसलं नाही.'

अण्णांनी चष्मा काढला. 'कुठे?'

तिनं दाखवलं. तर्जनी वाकवून, पेर पुढे करून.

तिनं सांगितलं नसतं तर कोणाला कळलं नसतं. चादर टाकून झाकता आलं असतं. हेही मी तिला म्हणालो नाही. माझ्या न बोलण्याचं एक स्वतंत्र कपाट करावं लागणार.

१० ऑगस्ट

सतत झड. अण्णा छत्री घेऊन वेलाखाली. 'आता कशी हवेला घाम आला.' वृं. ओरडून थकली. मी मध्ये पडलो, दोघांनी मला बाहेर काढलं.

खोकला.

१४ ऑगस्ट

ताप. छातीत कफ. ॲडमिट केलं. ऑक्सिजन. डॉक्टर तरुण आहे, समजावून सांगतो, त्यामुळे जास्त भीती वाटते.

वृं. तिथे. मी घर, डबा, वेल. मालिकेचा तिसरा लेख 'केळी: मोठ्या पानांचं ओझं' वेळेत पाठवला. कसा लिहिला आठवत नाही.

१६ ऑगस्ट

ग्लानीत होते. 'शिंपण झालं का' विचारतात. नर्सला वाटलं लघवीबद्दल विचारतायत. वृं. म्हणाली, 'झालं हो अण्णा. सगळ्या पोफळींना दिलं.' मग रडली. मग तोंड धुऊन आली.

रोज संध्याकाळी मी गेलो की पहिला प्रश्न तिचा: 'केवढं झालं?' मी दोन्ही तळहात लांब करून दाखवतो. ती तेवढेच तळहात अण्णांसमोर धरते, जरासे जास्तच लांब. माझ्या मापात नि तिच्या मापात रोज चार बोटांचा फरक पडतो. तवसं हॉस्पिटलात भराभर वाढतंय.

१७ ऑगस्ट

शेजारच्या काकू म्हणाल्या, 'तुम्ही संस्कृतवाले. मृत्यूपासून सोडवणारा तो मंत्र म्हणा ना अण्णांच्या उशाशी. माझ्या यजमानांना गुण आला होता.'

म्हणायला बसलो. पहिली ओळ ठीक. दुसरीत अडलो. त्या मंत्रात देवाकडे मागितलंय काय, हे मला ठाऊक आहे, तीच अडचण. पिकलेली काकडी जशी देठापासून अलगद सुटते, तसं सोडव, असं मागितलंय. शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं, किती सुंदर उपमा आहे पहा.

अण्णांनी डोळे उघडून विचारलं, 'थांबलात का?' म्हटलं, घसा बसला. 'विसरलात,' म्हणाले. 'फुकट गेलं तुमचं शिक्षण.'

ताप जरा कमी.

२१ ऑगस्ट

घरी आले. गाडीतून उतरून आधी मागच्या दारी. तवसं पाहिलं, मग वृं.कडे पाहिलं, तिच्या तळहातांकडे पाहिलं. मी त्या वेळी नेमका बॅगा काढत होतो.

२८ ऑगस्ट

तवसं जड झालं, देठ ताणला जातोय. शिंकाळं हवं, ज्यात फळ बसवायचं आणि वरून टांगायचं, म्हणजे वजन देठावर येत नाही. काथ्याची दोरी हवी. रविवार कारंजावर गेलो. दुकानदार म्हणाला, 'नायलॉन घ्या काका, आयुष्यभर टिकेल.' घरी येऊन सांगितलं तर अण्णा म्हणाले, 'आयुष्यभर कोणाला हवंय. काचतं ते.'

शेवटी पुढच्या दारचं काथ्याचं पायपुसणं उसवलं. अण्णांनी मांडीवर वळून वळून दोरी केली. पीळ अजून नीट. गाठी मारताना शेवटच्या दोन जमेनात. वृं. येऊन शेजारी बसली आणि तिनं मारल्या. तिला येत होत्या. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

यंदा त्यांचा गणपती बाळूनं त्याच्या घरी बसवला. 'आरती तरी नीट म्हणतो का कोण जाणे,' एवढंच.

८ सप्टेंबर

बाळूचा फोन. स्पीकरवर.

'अण्णा, तुमी कदी येताव? वांदरांनी काय्येक ठेवलं नाय. केळी गेली, पपया गेल्या. आता शहाळी पाडतायत नि अर्धी पिऊन टाकतायत.'

'पोफळी?'

'हायत. पण शिंपायला गडी मिळत नाय. मी जमंल तेवढं करतो.'

'आणि फणस?'

'मागल्या वादळात मोठी फांदी आली खाली. पडवीची कौलं गेली तेवढी. मी ताडपत्री घातलीय हो, तुमी काळजी करू नुको.'

'बरं,' म्हणाले. 'हाक ऐकू येते का रे तुझ्या घरापर्यंत?'

'आँ?'

'काही नाही. ठेव.'

वृं. दुसऱ्या खोलीत होती. दार उघडं होतं.

१० सप्टेंबर

मी तोडगा मांडला. मी महिनाभर अण्णांबरोबर जाऊन राहतो. लेख काय, कुठूनही लिहिता येतात. विषयही तोच आहे.

अण्णा: 'तुम्ही? शिंपायला येतं का तुम्हाला? पाटात पडाल. मग दोघांना उचलायला बाळू एकटा.'

वृं.: 'आणि महिन्यानंतर?'

दोघांचं प्रथमच एकमत झालं. माझ्याविरुद्ध का होईना.

१९ सप्टेंबर

रंग बदलला. हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा तांबूस, वर बारीक भेगांची जाळी, म्हाताऱ्या हातासारखी. शेवटचा लेख लिहिताना समोर ठेवून वर्णन करावं अशी इच्छा झाली. केलं नाही.

वृं.नं विचारलं, 'अण्णा, पिकलं का हे?'

'पिकत आलं. पण बियांसाठी धरायचं तर कापायचं नाही. देठ वाळू दे. आपणहून सुटलं पाहिजे. तेव्हा खरं पिकलं.'

ही अट जूनमध्ये नव्हती. वृं.नं माझ्याकडे पाहिलं. मी वेलाकडे.

२४ सप्टेंबर

वणीच्या गडावर नवरात्राची गर्दी, रस्ता भरलेला, तरी पोपटराव आवर्जून घरी आले. कारली घेऊन. तवशाला खालून वरून पाहिलं. अण्णांना म्हणाले, 'बाबा, असलं फळ आमच्या मांडवाला लागलं असतं तर म्या रोज हार घातला असता. कदी काढताय?'

अण्णा म्हणाले, 'सुटलं की.'

'आन् नाय सुटलं तर?'

'मग आहेच.'

पोपटरावांनी जाताना फाटकाशी मला विचारलं, 'कोन जिंकतंय?' म्हटलं, कळत नाही. 'मंग बरंय,' म्हणाले. 'कळलं की वाईट.'

२७ सप्टेंबर

अण्णांची पिशवी दाराशी. दोन धोतरं, सदरा, खोबरेलाची बाटली, औषधं. छत्री बंदाला अडकवलेली. कोणी भरली विचारलं नाही. औषधांच्या पट्ट्यांवर सकाळ-संध्याकाळ लिहिलेलं आहे, अक्षर वृं.चं.

मालिका संपली. संपादक म्हणाले, छान झाली, शेवट जरा आशादायक हवा होता. म्हटलं, प्रयत्न करतो. कशाचा ते मला तेव्हाही माहीत नव्हतं.

३० सप्टेंबर

वेल वाळला. पानं गेली. पत्र्याखाली काथ्याच्या शिंकाळ्यात एकटं तवसं. वरून देठ आहे, पण आता सुतळीसारखा. शिंकाळ्यात बसलेलं असल्यामुळे सुटलंय की धरून आहे हे बघून कळत नाही. उचलून पाहावं लागेल.

कोणी उचलत नाही. वृं. रोज तिथे झाडते, शिंकाळ्याच्या खालून, वाकून, धक्का लागू न देता. अण्णा सकाळी दोन तास खुर्ची टाकून बसतात. मी पेपर तिथेच नेऊन देतो.

४ ऑक्टोबर

आज सकाळी अण्णा म्हणाले, 'जावईबापू, सुटलं का बघा.'

वृं. दारात आली, हात पिठाचे.

म्हटलं, 'तुम्हीच बघा. मी साक्षी. साक्षीला कर्तृत्व नसतं.'

'पळपुटे आहात.' वॉकर बाजूला सारून उभे राहिले. वृं. पुढे झाली नाही, फक्त तिचे दोन्ही हात पुढे आले. पिठासकट, हवेत. अण्णांनी हात वर केला. पोचत होता. तळवा तवशाच्या खाली नेला. बोटभर अंतर राहिलं.

तिथेच राहिला हात. मग खाली आला.

'आज नको,' म्हणाले. 'आज अमावास्या आहे.'

'हो,' वृं. लगेच म्हणाली. 'आज नको मग.'

'अमावास्येला फळ काढत नाहीत.'

'नाहीतच काढत.'

ती आत गेली. पोळीचा वास आला. अण्णा पुन्हा बसले, डोळे मिटले. हनुमानाच्या देवळातून घंटा ऐकू आली, कोणाच्या तरी कुकरची शिट्टी.

जेवणं झाल्यावर मी कपाटातून पंचांग काढून पाहिलं. परवा कोजागरी आहे.

पंचांग मिटून जागेवर ठेवलं. येताना दाराशी पिशवी होती, तिची छत्री घसरली होती. ती पुन्हा बंदाला अडकवली.